भेगांपुढच्या मुली

आमचं वसतिगृह मुलींसाठी बांधलेलंच नव्हतं, ते धानासाठी बांधलेलं होतं. सानगडीकडच्या एका मालगुजाराचं जुनं कोठार. झरोके उंच, धानाला वारा लागावा म्हणून. दार मात्र इतकं ठेंगणं का, ते देव जाणे. पुढे लांब छपरी आणि तिच्या टोकाला सिमेंटची एक नवी खोली. त्या खोलीत आमच्या अधीक्षिका बाई राहायच्या. कोठारात आम्ही, पोत्यांसारख्या ओळीनं.

जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला आणि आपल्या हिश्शाला आलेल्या जुन्या इमारती तपासायचं कुणाच्या तरी डोक्यात आलं. इंजिनियर साहेब येणार, भिंतीला भेगा दिसल्या की वसतिगृह बंद. माझं दहावीचं वर्ष. बाबांनी आधीच सांगून ठेवलं होतं, "बंद झालं त सीधी घरी ये. धान कापायले हात पायजेच आहे." एकदा घरी गेले की शाळा संपली, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी फार घाबरले होते.

छपरीतल्या भिंतीला भेगा तर होत्याच. आम्ही तलावाची काळी माती आणून त्या बुजवल्या. सगळ्या शेतकऱ्यांच्या लेकी, लहानपणापासून भिंती लिंपत आलेल्या. पण घाईघाईत मातीत धानाचं तणस मिसळायचं एकीलाही सुचलं नाही. ऊन लागलं तशी माती तडकली आणि एकेका भेगेला पिल्लं झाली.

मग काय, साहेब आले तेव्हा प्रत्येक भेगेपुढे एकेक मुलगी उभी. उंच भेगेला उंच मुलगी, बुटक्या भेगेला मी.

"बसा ना पोरींनो," साहेब म्हणाले.

"नाही साहेब, अशाच बऱ्या आहो."

"मॉनिटर कोण आहे? पुढे ये."

मॉनिटरच्या पाठीमागे सर्वांत मोठी भेग होती. ती म्हणाली, "मी नाही साहेब."

बाईंनी कपाळाला हात लावला. साहेबांनी मला बाजूला व्हायला सांगितलं आणि पेनानं भेग उकरली. आमची माती भसकन खाली आली, तिच्यामागून जुना गिलावाही. आत चुन्यात बसवलेल्या विटा, हातभर जाड भिंत, ठणठणीत. भेगा नुसत्या गिलाव्याला होत्या.

"ही तर तुमच्या नातींनाही पुरेल," साहेब म्हणाले.

जाता जाता त्यांनी बाईंच्या नव्या खोलीच्या भिंतीवर थाप मारली. सिमेंटचा पोपडा त्यांच्या बुटावर पडला. वर पाहिलं तर स्लॅबची सळई गंजून बाहेर आलेली.

"ही मात्र आजच खाली करा."

आम्ही तोंडात ओढण्या कोंबल्या.

"काहून दात काढून राहिल्या?" बाई कडाडल्या. "माहा पलंग उचला!"

वसतिगृह वाचलं, शाळा वाचली. मला इतका आनंद झाला होता की पलंग उचलायला सगळ्यांच्या आधी मीच धावले. कोठारात पलंगापुरती जागा एकच होती, माझ्या अंथरुणाशेजारी. त्या वर्षी मी दहावी पास झाले. नापास व्हायची काही सोयच राहिली नव्हती.