सुरकुतलेला पापुद्रा

मुंबईच्या गाडीत चढायच्या आधी आईनं बसस्थानकावर, भर गर्दीत, माझा कुर्ता दोन्ही हातांनी खाली ओढून सरळ केला. शीतल, तू तिथंच होतीस, माझी पिशवी धरून. परदेशी निघालेल्या लेकीला आया सांगतात, जपून रहा, फोन कर. आपली आई म्हणाली, "अंगावरची सुरकुती लोकायला आधी दिसती, बाई. आपल्या अंगावरची तर लईच दिसती."

छावणी भागातल्या आपल्या दोन खोल्यांत इस्त्री कधी थंड पडली नाही. विहारात जायची आईची पांढरी साडी, आप्पांचा सदरा, आपले गणवेश, सगळं कडक. बाबासाहेबांची लेकरं गबाळी दिसता कामा नयेत, हा आप्पांचा हट्ट. त्यात अभिमान होता, मला ठाऊक आहे. पण त्यामागची धास्ती आठवली की आजही माझं डोकं फिरतं. बाकीची पोरं चुरगळलेले शर्ट घालून यायची, त्यांना कुणी हटकत नव्हतं.

कॉलेजात एमएस्सीला ग्राफीन आलं. कार्बनचा एकाच अणूइतका जाड पापुद्रा. सर पिवळ्या पडलेल्या नोट्स वाचून सांगायचे, इतका पातळ थर मोकळा राहूच शकत नाही, उष्णतेनं अणू थरथरतात आणि सगळं कोलमडतं. तेव्हा जगभरच्या लॅबमध्ये लोक तो रोज हाताळत होते! मी उभी राहून तसं म्हणाले. सर हसले. "तुमच्यातल्या मुली तरी कुठं टिकतात इथं?" वर्गही हसला. मी कडक इस्त्रीच्या ओढणीत तशीच खाली बसले.

इथं ड्रेस्डेनच्या लॅबमध्ये मला बारीक भोकांच्या जाळीवर हाच पापुद्रा पसरायचं काम मिळालं. मी काय करावं? तो ताणून सपाट करत बसले. मायक्रोस्कोपखाली जरा कुठं लहर दिसली की सॅम्पल बाद. ताण वाढला की कडेच्या बारीकशा चिरेपासून पापुद्रा फाटायचा. महिनोन्महिने हेच. शेवटी माझ्या मार्गदर्शक बाईंनी, त्या पोलंडच्या, विचारलं, तुला हा सपाट कशाला हवाय? मोकळा सोडला की तो हलकेच वरखाली लहरतो, आणि त्या लहरींमुळेच तर टिकतो. अगदी सपाट राहायला गेला असता तर तो कोलमडतो म्हणणारं जुनं गणितच खरं ठरलं असतं.

त्यांना काय सांगणार, छावणीतली इस्त्री? घरी जाताना ट्राममध्ये मी रडले, आणि ते रडणं निव्वळ रागाचं होतं. आईवर नाही, आप्पांवर नाही. ज्यांच्या नजरेसाठी आपण सगळे जन्मभर कपडे ओढून सरळ करत राहिलो त्यांच्यावर.

आणि रविवारी तुझा फोन. तेच कॉलेज, तेच सर, आता निवृत्तीला आलेले. "ताई, सर म्हनले, बहीण टिकली म्हणून तू टिकशील असं नाय. मी सोडते आता." त्याच आठवड्यात त्यांचा मला मेल, आमच्या लाडक्या विद्यार्थिनीनं सत्कार स्वीकारायला यावं. लाडकी! जनाची नाही तर मनाची तरी?

मी येतेय, शीतल. शाल-नारळ नको, त्याच वर्गातला फळा द्या, असं कळवलंय. तिथं उभी राहून मी हा थर का टिकतो ते सांगणार आहे, आणि सर मला काय म्हणाले होते तेही, त्यांच्या तोंडावर. तू पहिल्या बाकावर बसायचंस. तोवर कॉलेज सोडायचं नाव काढायचं नाही.

इथं माझ्या घरात इस्त्री नाही. तुमच्यापासून इतक्या लांब, एवढीच काय ती चैन. पण आपल्या दारात पाऊल टाकलं की आईचे हात आपोआप माझ्या कुर्त्याकडं येतील, मला माहीत आहे. या वेळी मी ते हातात धरून ठेवणार आहे. प्रवासात चुरगळलेली जशी असेन तशी मला घरात शिरायचंय, आणि तशीच वर्गात. घर म्हणून मला आता एवढंच हवंय. आईला सांग, इस्त्री तापवू नको.