पाहुण्याची नोंद

काल तुमच्या घरी कोण जेवून गेलं, हे तुम्ही कुणाला कळवलंत का?

धानोऱ्याकडच्या आमच्या गावातली एक बाई असा प्रश्न ऐकला की मांडीवर सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटत म्हणायची, “मले नाई समजलं. पुन्ना सांग.” तिला सगळं समजायचं. सांगणाऱ्याला समजलंय की नाही, एवढंच ती तपासायची.

गावोगाव कॅमेऱ्यांनी सुरू झालेल्या पाळतीविरुद्ध मी काढलेलं पत्रक तिने दोन्ही हातांनी घेतलं आणि त्यावर चारोळी वाळत घातली. मी चिडलो. ती म्हणाली, “चिडतं काऊन, बाबू? कागद कामाचा हाय.”

मग कॅमेरे बसवणाऱ्या कंपनीचे साहेब आमच्या ग्रामसभेत आले. सोबत सरकारी शिक्क्याचं पत्र. योजना अशी, की जंगलाच्या वाटेवर कॅमेरे आणि प्रत्येकाच्या नावावर सत्तर गुण. नोंद न करता जंगलात गेलं, गुण कमी. पाहुणा आला आणि कळवलं नाही, गुण कमी. महिनाभर काहीच चुकलं नाही, तर गुण वाढ. ज्याचे गुण जास्त, त्याला बांबूतोडीचं काम आधी. नमुना म्हणून समोर बसलेल्या या बाईचाच चेहरा त्यांनी मोबाइलमध्ये घेतला. भिंतीवरच्या पडद्यावर ती दिसली, खाली सत्तर. लोक खूश झाले.

आमच्या ग्रामसभेत हात मोजत नाहीत. शेवटचा माणूस ‘हो’ म्हणेपर्यंत ठराव होत नाही. शेवटचा माणूस अर्थातच ही बाई.

“मले नाई समजलं. पुन्ना सांग.”

साहेबांनी तीनदा सांगितलं.

“म्हंजे पाहुण्याले पाणी द्याच्या आंधी फोटू काढू?”

“तुमच्या सुरक्षेसाठीच आहे, मावशी.”

“अन् तू आमच्या गावात पाहुणा आला, तुये गुण कोणाजवळ हायेत?”

सभा हसली. साहेबांचा तोल गेला. मोबाइलवर बोट आपटत ते म्हणाले, “असहकार. वीस कमी.” भिंतीवर तिच्या चेहऱ्याखाली सत्तरचे पन्नास झाले.

हसू थांबलं. माझ्या पत्रकांना दोन वर्षांत जे जमलं नव्हतं, ते साहेबांनी एका बोटाने करून दाखवलं. बाईने खर्रा गालात सरकवला. “आता समजलं,” ती म्हणाली. “मायं नाई.” पाठोपाठ अख्ख्या सभेचं ‘नाही’ आलं.

साहेब सामान गुंडाळून निघाले. ती मागे गेली. “मायं तोंड पुसून दे.”

“ते सिस्टीममध्ये राहतं, मावशी.”

नंतर तीन वेळा ती धानोऱ्याच्या कचेरीत जाऊन बसली, चेहरा परत मागायला. दर वेळी नवा कारकून, दर वेळी तोच नवा अर्ज. गेल्या उन्हाळ्यात ती तापाने गेली. चौथा अर्ज भरायचा राहिला.

परवा तिच्या सुनेने मला मोबाइलवरचा संदेश वाचायला दिला. बाईचे गुण शंभर झाले होते. बिननोंद जंगलात जाणं नाही, घरी पाहुणा नाही, सभेत प्रश्न नाही. तिला आदर्श ग्रामस्थ म्हणून गौरवलं होतं.

सून म्हणाली, “बाबू, हे पुसता नाई येत का?”

तो चौथा अर्ज आता ग्रामसभेने दिला आहे. तुमच्या गावातूनही कुणी असे चेहरे नेले असतील. येत्या ग्रामसभेत उभे राहा, कुणाकुणाचे नेले त्याची यादी मागा, आणि पुसल्याचं लेखी हातात पडेपर्यंत खाली बसू नका. जे वारले, त्यांची नावं आधी घ्या.