हेमराजच्या गाडीचा जोर

सकाळी माझ्या चहाची बशी हेमराजच्या पिकअपच्या आवाजाने थरथरते. तरी त्या माणसावर मला नीट चिडता येत नाही, आणि याचाच मला जास्त राग येतो.

हेमराज पराते नागपूरजवळ बेसात आमच्या समोर राहतो. घराणं मूळ उमरेडचं, विणकरांचं. त्याचे वडील नत्थूजी हातमागावर बसायचे. यंत्रमाग आले आणि यांचं एक लुगडं उतरेपर्यंत तिकडे ढीग लागू लागला. शेवटी माग मोडून चुलीत गेला आणि नत्थूजी दुसऱ्याच्या शेडमध्ये चाकरीला लागले. या सगळ्यातून त्या घराने एकच गोष्ट मनाशी धरली, की आपला हात कमी नव्हता, जोर कमी पडला. हेमराज हेच ऐकत वाढला. म्हणून त्याने स्वतःची पिकअप घेतली. काहीही होवो, दुसऱ्याच्या दारात चाकरीला उभं राहायचं नाही, हा त्याचा हट्ट.

काटोलहून गुलाबचंद शेठची संत्री नागपूरच्या बाजारात आणायची, लिलाव सुरू व्हायच्या आत, एवढंच त्याचं काम. बरीच वर्षं बरं चाललं. मग रस्त्यावर नव्या पिकअप आल्या. चढावर त्या हॉर्न मारत पुढे निघून जायच्या आणि हेमराजची गाडी धापा टाकत मागून यायची.

शेठ एकदा सगळ्यांसमोर म्हणाले, "हेमराज, तुह्या गाडीले आता दम नाही राहिला गा. असंच चाललं तर मी दुसरी गाडी लावतो."

हेमराज तडक अश्विनच्या गॅरेजात गेला. अश्विन मिस्त्री तोंडाचा फटकळ, पण मनात पाप नाही. तो म्हणाला, "इंजिनाचा जोर वाढवून देतो. मोठा टर्बो लावू, पंपातून डिझेल वाढवू. पन तो जोर गिअरबॉक्समधूनच चाकाले जाते ना! तुहा गिअरबॉक्स जुन्याच इंजिनाच्या मापाचा आहे, अन् मोठा या गाडीत बसत नाही."

"मी सांभाळून चालवतो ना."

"सांभाळूनच चालवाचं आहे तर जोर काहून पाह्यजे तुले?"

हेमराजने तरी काम करून घेतलंच.

सुरुवातीचे दिवस काय सांगू! चढावर नव्या गाड्यांना मागे टाकून आला की स्वारी आधी आमच्या फाटकात. हातात संत्री, चेहऱ्यावर नवरदेवाचं तेज. मलाही बरं वाटायचं.

मग क्लचची प्लेट सरकू लागली. इंजिन ओरडायचं, पण गाडीचा वेग वाढायचा नाही. अश्विनने बजावलं, "प्लेट सरकते म्हनून गिअर वाचून राहिले. राहू दे तशीच." पण ज्याच्या घरात माग मोडून चुलीत गेला, त्याला जोर वाया जाताना बघवेल कसा? हेमराजने दुसरीकडून कडक प्लेट बसवून घेतली. आता सगळा जोर सरळ गिअरबॉक्सवर येऊ लागला.

काटोल रस्त्याच्या एका चढावर, गाडी भरलेली असताना, जात्यात खडा यावा तसा आवाज झाला. गिअरचे दात गेले. इंजिन मात्र ठणठणीत. त्याने कितीही पाय दाबला तरी इंजिन गर्जत होतं आणि चाकं जागची हलत नव्हती. लिलाव चुकू नये म्हणून शेठने दुसरी गाडी पाठवली. तिच्यात संत्र्यांचे कॅरेट हेमराजने स्वतःच्या हाताने चढवले. त्या दिवसापासून त्याचं काम त्या गाडीकडे गेलं.

आता करायचं काय? तसाच गिअरबॉक्स पुन्हा घातला तर तोही तुटणार. इंजिन पहिल्यासारखं केलं तर शेठ दारात उभं करणार नाहीत. पिकअप ओढून आणली आणि घरासमोरच्या रिकाम्या प्लॉटवर ती तशीच पडली. हेमराज काटोलच्या त्याच दुसऱ्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून लागला. रोज बसने जातो.

आणि तरी ही गाडी रोज सकाळी गरजतेच! एकदा मी तणतणत गेलो. "अरे, जायचं नाही तर पेटवतोस कशाला? धुराने जीव जातो आमचा!" हेमराजने हात जोडले, घराकडे डोळ्यांनी खूण केली आणि इंजिन बंद केलं. मग चपला हातात घेऊन भिंतीच्या कडेकडेने तो बस पकडायला गेला.

त्याची बायको मयुरी फाटकाशी आली. "काका, बोलू नका हो त्याईले. गाडी मोडल्याचं बाबाईले सांगतलं नाही. खुबा मोडल्यापासून ते खाटेवरून उठत नाही. रोज आवाज आयकतात अन् आतून म्हनतात, सांभाळून जाजो. मंग दिवसभर खुशीत राहतात." भांडायला गेलेला मी हात हलवत परत आलो. चिडायचं तरी कोणावर?

परवा नत्थूजींना पेपर वाचून दाखवत बसलो होतो. हेमराज कामावरून आला आणि खाटेच्या पायथ्याशी टेकला. म्हातारा आढ्याकडे बघत म्हणाला, "हेमराज, उद्यापासून डिझेल नको जाळू गा."

"काहून बाबा?"

"गाडी जाते तवा आवाज दूर दूर जाते, बारीक होते. तुही गाडी जागच्या जागी चूप होऊन राहिली." नत्थूजींनी हेमराजकडे मान वळवली. "पहिल्या दिवसापासून आयकतो मी."

हेमराजने मान खाली घातली ती वर केलीच नाही. माझ्या हातातला पेपर तसाच राहिला. मला रडू आलं, ते लपवताही आलं नाही.

आज सकाळी बशी हलली नाही. समोरून फक्त म्हाताऱ्याचा आवाज आला, "सांभाळून जाजो गा." हेमराजने दारातच चपला घातल्या आणि बस पकडायला गेला.