मावशीने डॉक्टरांना विचारलेला प्रश्न

मैत्रिणींनो, आत्ताच जालन्याच्या दवाखान्यातून घरी आले. फार थकलेय, पण हे लिहिल्याशिवाय झोप लागणार नाही.

माझी भाची वैशाली सव्वीस वर्षांची. तिला लेकरू हवंय. पण गर्भाशयाचं अस्तर जाड झालंय, सारखं रक्त जातं. तुकडा तपासला, कॅन्सर नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काही महिने गोळ्या घ्या, नाहीतर आत हार्मोनचं साधन बसवू, मग पुन्हा तपासू.

वैशाली रडवेली होऊन म्हणाली, "पिशवीच काढून टाका. आता सोसवत न्हाई."

सोबत टेंभुर्णीची माझी मावशी होती. सत्तरच्या दशकात, ऐन पंचविशीत, घरच्यांनी परस्पर ठरवून तिची पिशवी काढायला लावली. त्यानंतर गावात कुणी तिला ओटी भरायला बोलावलं नाही.

मावशीने विचारलं, "बाई, गोळ्यांनी न्हाई भागलं तर पिशवी मागून काढता येते ना?"

"येते की, आजी."

"आन् काढलेली परत बसवता येते का?"

डॉक्टरीणबाई हसल्या. "नाही."

"मंग पोरी, जल्दी कशाची? मला तं कुणी इचारलंच न्हवतं. तुला इचारून राह्यलेत, तर नीट इचार करून सांग."

वैशालीने डोळे पुसले. मग म्हणाली, "गोळ्या द्या."

रिक्षात ती मावशीच्या खांद्यावर झोपून गेली. तिच्या केसांवरून हात फिरवत मावशी मला हळूच म्हणाली, "हिची ओटी भरायची येळ आली, तर मला बोलवशील ना?"

मी मान हलवली.

तुमच्याकडे मावशीसारख्या बायकांना अजूनही टाळतात का गं?