येलदरीच्या वाटेवर गिअर अडकला तेव्हा

मामांनी जुनी ऑटोमॅटिक गाडी घेतली आणि पहिली फेरी येलदरी धरणावर काढायचं ठरवलं. गाडीची इंग्रजी पुस्तिका मी शब्दकोश घेऊन तीनदा वाचली होती, म्हणून मला पुढं बसवलं.

परभणीहून सकाळी निघालो. जिंतूरला बसस्थानकाजवळ भजी मिळतात. समोर तळत असतील तरच घ्या. पुढं एका ठिकाणी निम्मा रस्ता उकरलेला आहे, एकच गाडी जाते. नेमकं तिथूनच मामींना पाणी दिसलं. नव्या गाडीनं पहिलं पाणी पाहिलं की नारळ फोडायचा, ही आमच्या घरची रीत. मामांनी आहे तिथंच गाडी पार्कमध्ये टाकली. मामींनी नारळाचं पाणी चाकांवर घातलं आणि उरलेलं आत, गिअरवर.

"मामी, आत नको."

"गाडीचा जीव तर हितंच हाय की."

त्यानंतर गिअर हलेना. मामांनी दोन्ही हातांनी ओढून पाहिला. तेवढ्यात समोरून एस.टी. आली. आत दहावीची मुलं, जिंतूरच्या केंद्रावर निघालेली. पेपरला तासभर उरला होता.

कंडक्टर उतरले. "काय झालं, पाव्हणं?"

"नारळ पिऊन बसलीय," मामा म्हणाले.

मला पुस्तिकेतलं पान आठवलं. हँडब्रेक ओढायचा, ब्रेकवर पाय ठेवायचा, गिअरजवळचं छोटं झाकण काढायचं आणि आतली कळ दाबून गिअर न्यूट्रलला न्यायचा. झाकण नखानं निघालं, पण कळ खोल होती. बसच्या खिडकीतून एका मुलीनं वर्तुळ काढायचा कंपास दिला.

"वाकवू नका, दादा. आज भूमिती हाय."

माझी दहावी भूमितीतच राहिली होती. हँडब्रेक मी चारदा तपासला.

"दाब की आता," मामा म्हणाले, "लेकरांचं वरीस जायलंय."

टक्क झालं. गिअर न्यूट्रलला आला. हँडब्रेक सोडला आणि अर्ध्या बसनं ढकलून गाडी शेताच्या कडेला नेली. कंपास परत देताना पाहिलं, टोक किंचित वाकलं होतं. ते सांगेपर्यंत बस सुटली.

जिंतूरहून मेकॅनिक आला, त्यानं गिअर खोलून पुसला. मग धरण पाहिलं, तळलेले मासे खाल्ले. मासे ताजे होते, काटे जपून काढा. परतताना जिंतूरच्या स्थानकावर तीच मुलगी दिसली. मी गाडी थांबवायला लावली.

"पोचलीस का वेळेत?"

"पोचले. वर्तुळ जरा वांग्यावानी आलं, पन आलं."

घरी येऊन चार दिवस झाले. धरणाचे फोटो सगळ्यांना दाखवून झाले, पण डोळे मिटले की मला ते वांगंच दिसतं. निकाल कधी लागणार, हे शेजारच्या गुरुजींना मी आतापर्यंत तीनदा विचारलंय. ते म्हणाले, "तुझं कोण बसलंय परीक्षेला?" नाव तर मी विचारलंच नव्हतं.