खिळा ठोकलेला टॅग

आधीच स्पष्ट सांगते — आमच्या घरात भूत, करणी, अंगात येणं, कशालाच थारा नाही. भिंतीवर बावीस प्रतिज्ञा लावलेल्या घरात वाढलेय मी. बुवाबाजीविरुद्ध पत्रकं लिहिते, चौकात उभी राहून वाटते. म्हणून हे इथे लिहावं की नाही, याचा फार विचार केला... पण घडलं ते घडलं.

माझी आई नांदेडात कचरा गोळा करते, कंत्राटावर. दारोदारी टॅग चिकटवलेत. आईने हातातला रीडर टॅगसमोर धरायचा, तो वाजला की नोंद. गल्लीतलं शेवटचं दार वाजलं नाही तर आई गैरहजर! कचरा उचललेला असला तरी! माणसाच्या घामापेक्षा यंत्राच्या 'टीं'वर जास्त भरवसा.

त्यात दारं सगळी पत्र्याची. या टॅगमध्ये बॅटरी नसते. आतली कागदासारखी अँटेना रीडरच्या लहरींतूनच ताकद घेते आणि उत्तर देते. पत्र्याला सपाट चिकटवली की मुकी होते. हे टेंडर काढणाऱ्याला कुणी सांगायचं?

शेवटचं दार सुंदराआजीचं. अर्धापूरकडची, एकटी राहायची. एकदा आईच्या बांगडीत अडकून तिच्या टॅगची कड निघाली आणि तो वाजला. तेव्हापासून आई कोपऱ्यावरून "आले गं माय" म्हणायची आणि आजी दारात येऊन ती कड पत्र्यापासून ओढून धरायची. मग पाण्याचा स्वतःचा तांब्या आईच्या हातात. बाकी गल्लीत आईच्या ओंजळीत अजून वरून पाणी ओततात, हेही लिहून ठेवते.

आजी गेली. मुरूडहून मुलगा आला, कुलूप लावलं, आणि टॅग लोंबतोय म्हणून त्याच्या मधोमध खिळा ठोकून गेला. आता आईची हजेरी कशी लागणार?

मी लगेच मुकादमाला गल्लीत बोलावलं. लातूरहून सलमान आला — माझा मित्र, इंजिनिअरिंगला आहे, अँटेना हाच त्याचा विषय. मुकादमाने रीडर धरला. गप्प. सलमानने धरला. गप्प.

"खिळ्याने अँटेना तुटलीय, वर पत्र्याला शॉर्ट," सलमान म्हणाला. "हा टॅग मेलाय."

"बघा!" मी ओरडले. "आणि गैरहजर कोण? माझी आई!"

आईने रीडर घेतला. तिला आमच्या वादात रस नव्हता, पुढची गल्ली राहिली होती. सवयीनं म्हणाली, "आले गं माय."

टीं.

"वाजून राह्यला की!" मुकादम हसला. "तुमचं आंदोलन गेलं घरी, ताई."

सलमानने स्क्रीन पाहिली. नंबर आजीच्याच दाराचा. पुन्हा त्याने धरला — गप्प. मी धरला — गप्प. आईने धरला... टीं. तिचे डोळे भरले होते. म्हणाली, "काही बोलू नका रे आता."

सलमानने मग शेजारच्या टॅगखाली थर्माकोलचा तुकडा सरकवून तो वाजवून दाखवला, तेव्हा मुकादमाचं हसू गेलं. तरी नव्या टॅगसाठी भांडावं लागलंच. नवे टॅग येईपर्यंत खिळ्याचा टॅग आईसाठी रोज वाजला. एकदाही गैरहजेरी नाही.

मग फोम लावलेले टॅग आले, सगळ्या दारांना. आजीच्या दारालाही, जुन्याच्या शेजारी. त्या दिवसापासून जुना टॅग कधीच वाजला नाही. आईच्या हातातही नाही.

सलमान लातूरला अजून कागदावर गणितं मांडतो. जमत नाही म्हणतो. तरी याला चमत्कार मी म्हणणार नाही.

फक्त एवढंच... नव्या टॅगवर नोंद झाली तरी आई रोज रीडर खिळ्यापाशी नेते. मी एकदा चिडून म्हटलं, "आई, तो वाजत नाही आता."

"ठाव हाय मला," ती म्हणाली. "वाजावा म्हणून न्हाई धरत. आले होते, एवढं सांगाया धरते."