अर्ध्या किमतीतलं घर

कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या या माणसाला सगळी गल्ली वकील म्हणायची. कोर्टाची पायरी तो जन्मात चढला नव्हता. पण स्क्रीनवर अटी-शर्तींचं भेंडोळं उलगडलं की सगळं जग डोळे मिटून 'मान्य' दाबतं, आणि हा गृहस्थ चष्मा पुसून पहिल्या ओळीपासून वाचायला बसतो, म्हणून वकील. कॉम्प्युटरच्या पंख्यातली धूळ काढून घ्यायला आलेलं गिऱ्हाईक जाता जाता हमखास विचारायचं, "वकीलसाहेब, गेम कुठून घेऊ?" मग वकीलसाहेब हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवायचे.

"हे बघा, ऑनलाइन दुकानं तीन. एक थोरलं. तिथे सगळं मिळतं, सवलती दणकून, तुमचे मित्रही तिथेच. दुसरं फुकट्या. दर आठवड्याला गेम फुकट वाटतं, सगळे घेतात, खेळत कोणी नाही. तिसरं म्हातारं. माल थोडा, सवलत बेताची, पण गेमची फाइल तुमच्या हातात देतं. दुकान उद्या बुडालं तरी गेम तुमचा. थोरलं गेम विकतच नाही, खेळायची परवानगी विकतं. तीही तुमच्यापुरती. तुम्ही गेलात की तीही गेली."

"मग म्हाताऱ्याकडून घेऊ?"

"छे! थोरल्याकडे अर्ध्या किमतीत आहे. तुम्ही काय लगेच मरताय?"

गिऱ्हाईक खो खो हसायचं. हा विनोद त्याने किती जणांवर खपवला असेल, देव जाणे. एकदा स्वतःच्या मुलीवरही खपवला.

मुलगी इमारतींचे नकाशे काढणाऱ्या कचेरीत कामाला होती. दिवसभर लोकांच्या भिंती आखायच्या आणि घरी येऊन गेममध्ये स्वतःचं घर बांधायचं, असं तिच्या मनात होतं. "बाबा, म्हाताऱ्याकडून घेते," ती म्हणाली. "तिथे बांधलेलं आपल्या डिस्कवर राहतं. थोरल्याकडे सगळं त्यांच्या सर्व्हरवर."

"अगं, सर्व्हर काय पळून जातोय? दुप्पट पैसे कशाला घालवतेस? तू काय लगेच मरतेयस?"

बापाचा शब्द मोडायची तिला सवय नव्हती. तिने थोरल्याकडून घेतला.

घर हळूहळू उभं राहिलं. आधी एक खोली, मग जिना, मग बापासाठी खिडकीखाली कामाचं टेबल. आई बुटकी, तिचे खांदे दुखतात, म्हणून स्वयंपाकघराचा ओटा मुद्दाम ठेंगणा केला. आईला बोलावून दाखवायला गेली तेव्हा आई म्हणाली, "पोळी करपेल, नंतर बघते." नंतर मुलीचं डोकं दुखायचं निमित्त झालं, आणि महिना पुरा व्हायच्या आत ती गेली.

तेव्हापासून वकील संध्याकाळी दुकान बंद करून मुलीच्या खोलीत, मुलीच्या खुर्चीत बसायचा. गेम उघडायचा आणि त्या घरातून नुसता फिरायचा. जिना चढायचा, उतरायचा. बायको त्या खोलीत पाऊल टाकत नसे. दाराबाहेरून, भिंतीला पाठ लावून ती विचारायची, "दिवे लागले का तिच्या घरात?"

"लागले गं."

मग ती चहा गाळायला जायची. मुलीबद्दल नवरा-बायकोत तेवढंच बोलणं उरलं होतं. त्या दोन वाक्यांवर दोघं दिवस ढकलत होती.

मुलीचा फोन आईजवळ असे. त्यावर थोरल्या दुकानाचे मेल यायचे, थेट मुलीचं नाव घालून. 'तुमच्या आवडीचा गेम आज स्वस्त!' 'तुमचे मित्र तुमची वाट पाहत आहेत.' फोन वाजला की ती माउली तो उशीखाली दडपायची. नवऱ्याला सांगावं तर तो आधीच खचलेला. शेवटी एका दुपारी तिने स्वतःच त्यांना लिहिलं, माझी मुलगी वारली, तिला मेल पाठवू नका. त्यांनी दाखला मागितला. तिने तोही जोडला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वकिलाने गेम उघडला तर समोर एकच ओळ. हे खाते बंद करण्यात आले आहे. तो पडला दुरुस्तीवाला. त्याने केबल काढून लावली, राउटर बंद-चालू केला, कॉम्प्युटरची तारीखसुद्धा तपासली. तेवढ्यात दाराबाहेरून बायको म्हणाली, "अहो, तुम्हाला सांगायचं राहिलं. मी त्या दुकानाला लिहिलं होतं, मेल थांबवा म्हणून. किती भली माणसं! लगेच बंद केले."

वकिलाने हातातली केबल खाली ठेवली. नियम त्याला तोंडपाठ होता. तिच्यावर ओरडावं असं क्षणभर आलं मनात, पण ओरडायचं कोणत्या तोंडाने? ती बिचारी फोनच्या आवाजाला भ्यायली होती. घर थोरल्याच्या हवाली केलं होतं त्याने.

तरी त्याने हातापाया पडून लिहिलं. उत्तर गोड होतं. आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत, बंद खाते दुसऱ्याला देता येत नाही, त्यातली माहिती पुसली गेली आहे. खाली विचारलं होतं, आमची सेवा कशी वाटली? पाचपैकी किती तारे द्याल?

मग त्याने तोच गेम म्हाताऱ्याकडून घेतला, पूर्ण किमतीत. फाइल आली, डिस्कवर उतरली, आता ती कुणाच्या बापाला काढून घेता येणार नव्हती. उघडली. समोर मोकळी जमीन, वर मावळतीचं आभाळ.

"दिवे लागले का?" दाराबाहेरून आवाज आला.

जमिनीवर अंधार पडत होता. "लागले," तो म्हणाला.

ती चहाला गेली नाही. "मेल थांबल्यापासून जरा बरं वाटतंय हो. धीर आलाय. उद्या आत येईन म्हणते. तिने माझ्यासाठी ओटा केला होता ना, तो बघायचाय. दाखवाल?"

"ये की," तो म्हणाला. "दाखवतो."

तिची पावलं स्वयंपाकघराकडे गेली. वकिलाने माउस हातात घेतला, जमिनीवर पहिली वीट ठेवली. जिना त्याला पाठ होता, खिडकीही. पण मुलीने ओटा नेमका किती ठेंगणा केला होता, ते काही केल्या त्याला आठवेना.